कानाला पापणी नाही



आमच्या मशिदीत दर शुक्रवारी इशाच्या नमाजनंतर काही तरुण कुरआनचा अर्थ समजून घेण्यासाठी बसतात. काही आठवड्यांपूर्वी सूरह बनी इसराईलची ३६वी आयत वाचनात आली. या आयतीत अल्लाह तआला बजावतो की, ज्या गोष्टीचे तुम्हाला ज्ञान नाही तिच्या मागे लागू नका, कारण कान, डोळा आणि हृदय या प्रत्येकाविषयी विचारणा होणार आहे. एका मुलाने हात वर केला. तो तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शिकतो. म्हणाला, "मौलाना, डोळ्याला पापणी आहे, नको ते दिसलं तर मिटता येतो. जिभेपुढे दात आहेत, ओठ आहेत. कानाला काय आहे? ज्याला अल्लाहने दारच दिलं नाही, त्यातून आत काय शिरलं याचा हिशेब तो का मागेल?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. उलट, तो विचारण्यासाठी त्या मुलाने आयतीचा विचार केलेला होता. सूरह बकराच्या शेवटच्या आयतीत अल्लाहने स्वतःच सांगितले आहे की, तो कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडचा भार टाकत नाही. मग जे अवयव बंद करणे आपल्या कुवतीत नाही त्यांची विचारणा कशी? शिवाय आयतीत कानाचा उल्लेख सर्वांत आधी आहे. मी त्या रात्री जे उत्तर दिले ते घाईचे होते. म्हणून हा लेख, आणि या लेखात माझीही एक चूक सांगायची आहे.

आधी त्या मुलाच्या विषयाकडूनच जाऊ. आपण ज्याला कान म्हणून हात लावतो ती पाळी म्हणजे घराबाहेरचा ओटा आहे. खरे घर आत, कवटीच्या हाडात आहे. आवाज म्हणजे हवेतील कंप. पाळी तो गोळा करते आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या, किंचित वळणाच्या मार्गाने तो कानाच्या पडद्यावर येऊन आदळतो. पडदा जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीचा आणि कागदासारखा पातळ आहे. पडद्यापलीकडे हवेची एक छोटी पोकळी आहे. तीत तीन हाडे एकमेकांना जोडलेली आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे घोडेस्वार जिच्यात पाय ठेवतो ती कडी. हा शब्द मराठीने अरबीतील 'रिकाब'वरून घेतला. मदरशात शिकलेला शब्द शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकात असा अचानक भेटला तेव्हा मला जुना सोबती भेटल्यासारखे वाटले होते. हे आपल्या देहातील सर्वांत लहान हाड, लांबी सुमारे तीन मिलिमीटर.

ही हाडे कशासाठी? कानाचा सर्वांत आतला भाग द्रवाने भरलेला आहे, आणि हवेतील आवाज पाण्यात सहजासहजी शिरत नाही. विहिरीत बुडी मारलेल्या मुलाला काठावरून मारलेली हाक ऐकू येत नाही, ती यामुळेच. हवेतून पाण्यावर आलेल्या आवाजाचा जेमतेम हजारावा अंश आत जातो, बाकीचा परततो. पडद्याच्या मोठ्या पृष्ठभागावरचा दाब ही तीन हाडे रिकीबीच्या इवल्याशा तळव्यावर एकवटतात. तरफेचाही थोडा उपयोग होतो. त्यामुळे दाब सुमारे वीसपट होतो आणि कंप आतल्या द्रवात उतरतो. तो द्रव गोगलगाईच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या नळीत असतो. ही नळी, म्हणजे कॉक्लिया, उलगडली तर सुमारे पस्तीस मिलिमीटर भरेल. तिच्यात एक पट्टी लांबच्या लांब ताणलेली आहे. बारीक आवाज पट्टीच्या सुरुवातीला हलवतात, खर्जाचे आवाज थेट टोकाला. ही गोष्ट जॉर्ज फॉन बेकेशी यांनी प्रयोगांनी दाखवून दिली आणि त्यांना १९६१चे नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टीवर केशपेशींच्या ओळी आहेत. आतल्या एका ओळीत सुमारे साडेतीन हजार पेशी, बाहेरच्या तीन ओळींत मिळून सुमारे बारा हजार. मेंदूकडे जाणारी खबर मुख्यत्वे त्या आतल्या ओळीकडून जाते.

येथे थोडे थांबावेसे वाटते. पक्ष्यांच्या कानातील अशा पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. एकूण साडेतीन हजारांची शिदोरी, आणि ती आयुष्यभर पुरवायची. आपल्या लग्नांच्या वरातींत भिंती हादरवणारे डीजे लागतात तेव्हा मांडीवरच्या तान्ह्यांचे काय होत असेल, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावा. आणि मी इमाम आहे म्हणून हेही म्हणतो की, मशिदीच्या भोंग्याचा आवाज ठरवतानाही शेजारच्या आजारी माणसाच्या कानाला पापणी नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. प्रेषित मुहम्मद (स.) मशिदीत एतेकाफला बसले असताना लोक मोठ्याने कुरआन पढत होते. तेव्हा त्यांनी पडदा सारून सांगितले की, प्रत्येक जण आपल्या पालनकर्त्याशी बोलत आहे, म्हणून एकमेकांना त्रास देऊ नका. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. जिथे कुरआनच्या आवाजालाही मर्यादा सांगितली, तिथे इतर आवाजांचे काय बोलावे?

असो. मुलाचा मुद्दा खरा आहे: या सगळ्या रचनेत झाकण कुठेच नाही. झोपेतही कान उघडा असतो. सूरह कहफच्या ११व्या आयतीत गुहेतील तरुणांना वर्षानुवर्षे झोपवले त्याचे वर्णन, त्यांच्या कानांवर थाप देऊन ते बंद केले, असे आहे. डोळे मिटले, असे तिथे म्हटलेले नाही. आईच्या पोटातही सहाव्या महिन्याच्या सुमारास मूल आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. जन्मलेल्या बाळाच्या कानात अजान देतो तेव्हा आपण त्याला ऐकायला शिकवत नसतो. ते आधीपासूनच ऐकत असते.

एक गोष्ट मात्र दारासारखी दिसते. रिकीबीला एक अगदी लहान स्नायू जोडलेला आहे. मोठा आवाज झाला की तो आक्रसतो, हाड जखडतो आणि आत जाणारा कंप थोडा कमी करतो. आपण स्वतः बोलू लागण्याच्या किंचित आधीही तो आक्रसतो, जेणेकरून आपल्याच आवाजाने आपले कान दिपू नयेत. माणूस बोलू लागला की त्याला ऐकू कमी येते, हा अनुभव घरोघरी आहे. त्याला शारीरिक आधारही आहे, हे वाचून मला हसू आले. पण हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. "बघा, हेच ते दार" असे मी त्या मुलाला सांगितले असते तर मजलिशीत वाहवा झाली असती, आणि ते खरे नसते. आयतीला विज्ञानाची टेकणी लावण्याची घाई आपल्याकडे फार झाली आहे. उद्या विज्ञानाने आपले म्हणणे बदलले की टेकणी निसटते आणि मुलांचा विश्वास नाहक डळमळतो.

दार आहे, पण कानात नाही. १९५३ साली कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने काही माणसांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगवेगळी भाषणे ऐकवली आणि त्यांपैकी एक शब्दशः म्हणत जायला सांगितले. नंतर विचारले, दुसऱ्या कानात काय चालले होते? कोणाला सांगता येईना. तिथले बोलणे मध्येच इंग्रजी सोडून जर्मन झाले, तेही कळले नव्हते. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचेच नाव घालून पाहिले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आले. दोन्ही कानांचे पडदे सारखेच हलत होते. माणूस मात्र एकाच ठिकाणी हजर होता. मेंदूकडून कानाकडे उलट येणारे तंतूही असतात. ते १९४६मध्ये ग्रँट रासमुसेन यांनी दाखवले. म्हणजे कान नुसता खबर धाडत नाही, त्याच्याकडे वरून हुकूमही येतात. आयतीत कान आणि डोळा यांच्यानंतर तिसरा शब्द 'फुआद', म्हणजे हृदय, आहे. मला वाटते, तिघांची विचारणा एका वाक्यात आहे ती यासाठीच. दाराची कडी त्या तिसऱ्याच्या हातात आहे.

अरबी भाषेत यासाठी दोन क्रियापदे आहेत. 'समिअ' म्हणजे कानावर पडणे, 'इस्तमअ' म्हणजे कान देणे. मराठीतही आपण 'ऐकू आले' आणि 'ऐकले' असा भेद करतो, आणि पहिल्या वाक्यात बोलणारा कर्ता राहतच नाही. आपल्या फकीहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) हा भेद फार बारकाईने पाळला आहे. अबू दाऊदमध्ये एक रिवायत आहे की, हजरत इब्ने उमर (रजि.) यांना वाटेत बासरीचा आवाज आला तेव्हा त्यांनी कानांत बोटे घातली आणि सोबतच्या नाफे यांना ते विचारत राहिले की, अजून ऐकू येते का? नाफे यांना मात्र त्यांनी कान बंद करायला सांगितले नाही. इमाम अबू दाऊद यांनी स्वतः ही रिवायत मुनकर ठरवली आहे, म्हणून मी तिच्यावर फार भार टाकत नाही. पण कानावर पडणे वेगळे आणि कान देणे वेगळे, हे समजावताना उलेमा तिचा दाखला देत आले आहेत.

तरीही कानावर पडणे अगदीच निष्फळ असते असे नाही. सजद्याची आयत कोणी पढली आणि रस्त्याने जाणाऱ्याच्या कानावर ती सहज पडली, तर काय करावे? घाटावरचे आपण बहुतेक हनफी आहोत. आपल्याकडे त्यालाही सजदा वाजिब आहे, ऐकण्याचा इरादा असो वा नसो. कोकणातील शाफिई बंधूंकडे हा सजदा सुन्नत आहे. मन लावून ऐकणाऱ्यासाठी त्याची ताकीद अधिक, सहज ऐकणाऱ्यासाठी कमी. पण सोडून कोणीच दिले नाही. जे न मागता कानावर आले, तेही आल्यानंतर तुमच्यापाशी काहीतरी मागते.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका वलीम्याला गेलो होतो. दस्तरखानावर आम्ही सहा-सात जण होतो. मोहल्ल्यातील एक मुलगी दुसऱ्या शहरात शिकत होती. तिच्याविषयी बोलणे निघाले. तिला कोणीतरी कुठेतरी कोणाबरोबर पाहिले होते, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने त्यात भर घातली. मी मान खाली घालून जेवत राहिलो. मी एक शब्द बोललो नाही, हसलो नाही, 'हो' म्हणालो नाही. मनात विचार केला की, मी यात नाही. हात धुतले आणि घरी आलो.

तीन महिन्यांनी त्या मुलीचे वडील असरनंतर माझ्याकडे आले. ठरत आलेला रिश्ता परत गेला होता. ते अगदी हळू आवाजात बोलले, "मौलाना, तुम्ही तिथं होता म्हणे. मुलाकडचे म्हणतात, मौलानांसमोर बोलणं झालं आणि मौलाना नाही म्हणाले नाहीत." मी म्हणालो, "चाचा, मी तर काहीच बोललो नव्हतो." ते म्हणाले, "तेच ना."

वाचकहो, माझ्या गप्प बसण्याची त्या लोकांनी साक्ष करून टाकली होती. मी नंतर मुलाच्या घरी जाऊन आलो. त्या मुलीविषयी मला चांगल्याशिवाय काहीही ठाऊक नाही, असे सांगितले. त्यांनी आदराने चहा दिला. रिश्ता जुळला नाही. बुखारी शरीफमध्ये हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांची लांब हदीस मी मदरशात पढलो होतो, परीक्षेत तिच्यावर लिहिलेही होते. तबूकमध्ये भर मजलिशीत एकाने कअब यांच्या गैरहजेरीवर टोमणा मारला, तेव्हा हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांनी तिथल्या तिथे त्याला सुनावले की, तू वाईट बोललास, आम्हाला त्यांच्याविषयी चांगलेच ठाऊक आहे. एवढेच. ना भाषण, ना भांडण. मला ते वाक्य तोंडपाठ होते आणि वलीम्याच्या दिवशी आठवले नाही.

इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये जिभेच्या संकटांविषयी लिहिताना कानालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. गीबत ऐकणारा गीबत करणाऱ्याचा भागीदार आहे, असे ते सांगतात. त्याने जिभेने अडवावे, भय असेल तर मनात नापसंत करावे. पण उठून जाणे किंवा विषय बदलणे शक्य असूनही बसून राहिला, तर तो सुटत नाही. आणि दोन गोष्टी त्यांनी अशा लिहिल्या आहेत की वाचताना आपली चोरी पकडली गेल्यासारखे होते. एक, ऐकताना आश्चर्य दाखवणे हीदेखील गीबतच, कारण त्याने सांगणाऱ्याला जोर चढतो. दुसरी, तोंडाने 'राहू द्या हो' म्हणायचे आणि मनातून पुढचे ऐकण्याची ओढ ठेवायची, हा निफाक (दांभिकपणा) आहे. 'अगं बाई, खरंच?' या दोन शब्दांनी, किंवा फोनवर आलेल्या ध्वनिमुद्रणाला पाठवलेल्या एका डोळे विस्फारलेल्या चेहऱ्याने आपण काय करतो, हे यावरून पाहावे.

या ठिकाणी मला कानाची एक विलक्षण गोष्ट आठवते. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केंप यांना दिसून आले की, कान केवळ आवाज घेत नाही, तो अतिशय क्षीण आवाज बाहेरही टाकतो. कानाच्या मार्गात बारीक मायक्रोफोन ठेवला तर तो टिपता येतो. आज नवजात बाळाला ऐकू येते की नाही, हे त्यावरूनच तपासतात. याचे मूळ त्या बाहेरच्या बारा हजार पेशींत आहे. कंप आला की त्या आखूड-लांब होतात आणि क्षीण आवाजाला बळ देतात; नाहीतर कुजबुज आपल्याला ऐकूच आली नसती. हा केवळ दाखला आहे, पुरावा नव्हे. पण पाहा, ऐकणारा कुजबुजीला मोठे करतो हे देहातही खरे आहे आणि मोहल्ल्यातही. सांगणाऱ्याला श्रोता मिळाला नाही, तर अफवा त्याच्या घराच्या उंबऱ्यातच विरून जाईल.

आपल्या इतिहासात याची सर्वांत कठोर परीक्षा इफ्कच्या प्रसंगी झाली. बनू मुस्तलिकच्या मोहिमेहून परतताना हजरत आयशा (रजि.) मागे राहिल्या आणि मुनाफिकांनी त्यांच्यावर आळ घेतला. सुमारे महिनाभर वही आली नाही. बोलणारे सगळेच मुनाफिक नव्हते. बद्रच्या युद्धात लढलेला एक माणूसही त्यांत होता. मग सूरह नूरच्या आयती उतरल्या. त्यांतील १५व्या आयतीत एक अजब गोष्ट आहे: तुम्ही ते बोलणे आपल्या जिभांनी घेत होता, असे अल्लाह म्हणतो. बोलणे घेतात ते कानांनी. पण ते इतक्या घाईने एकाकडून घेऊन दुसऱ्याला दिले जात होते की, कान आणि हृदय यांच्यात ते क्षणभरही थांबले नाही. आजच्या फोनवरील 'फॉरवर्ड'च्या बटणाचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही.

त्याच दिवसांत मदीनेतील एका घरात हजरत अबू अय्यूब (रजि.) यांच्या पत्नीने त्यांना विचारले की, लोक काय बोलतात ते ऐकले का? त्यांनी ऐकले होते. उलट त्यांनीच विचारले की, उम्मे अय्यूब, तुम्ही असे केले असते का? त्या म्हणाल्या, कदापि नाही. मग आयशा (रजि.) तर तुमच्याहून श्रेष्ठ आहेत, असे अबू अय्यूब (रजि.) म्हणाले. पती-पत्नीचे चार वाक्यांचे बोलणे, आणि त्या घरात अफवा संपली.

याहूनही मोठी साक्ष हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांची आहे. प्रेषितांच्या (स.) घरात आयशा (रजि.) यांची बरोबरी करणाऱ्या त्याच होत्या, हे खुद्द आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. शिवाय जैनब (रजि.) यांची सख्खी बहीण हमना त्या वेळी हा आळ पसरवणाऱ्यांत होती. म्हणजे सवतीचे नाते, आणि घरात येणारी खबर बहिणीची. प्रेषितांनी (स.) त्यांना आयशांविषयी विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, मी आपले कान आणि आपले डोळे जपते, आणि मला त्यांच्याविषयी चांगल्याखेरीज काही माहीत नाही. बोलायचे होते जिभेने, पण नाव घेतले कानाचे! जे मी ऐकलेले नाही ते ऐकल्याचे म्हणणार नाही, आणि जे नुसते कानावर आले आहे त्याला 'माझे ज्ञान' म्हणणार नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. कानावर आलेले कळण्यात जमा होते त्या जागी जैनब (रजि.) पहारा देत होत्या. ज्या आयतीपासून आपण सुरुवात केली तिचा आरंभही हाच आहे, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका.

पण इथवर येऊन थांबलो तर अनर्थ होईल. एक मुलगी माहेरी येऊन सांगू लागते की, सासरी तिला मारहाण होते. तेव्हा कोणी वडीलधारी बाई तिला गप्प करते, "बेटा, गीबत करू नकोस, सासूचं पाठीमागं बोलू नये." मी हे एकदा नाही, अनेकदा पाहिले आहे. हा दीन नव्हे, हा दीनचा बोळा करून कानात घालणे आहे. इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबत ठरत नाही अशा सहा गोष्टी मोजल्या आहेत आणि त्यांत पहिली, जुलूम झालेल्याची फिर्याद, ही आहे. सूरह मुजादलाची सुरुवातच अशा फिर्यादीने होते. हजरत खौला बिन्ते सअलबा (रजि.) आपल्या पतीविरुद्ध तक्रार घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या होत्या. आयशा (रजि.) सांगतात की, त्या घराच्या कोपऱ्यातच होत्या, तरी खौलांचे काही शब्द त्यांना ऐकू येत नव्हते, आणि अल्लाहने ते ऐकले. मुनाफिक प्रेषितांना (स.) 'ते तर नुसते कान आहेत' असे टोचून म्हणत, कारण ते प्रत्येकाचे ऐकून घेत. सूरह तौबाच्या ६१व्या आयतीत अल्लाहने ते नाकारले नाही. कान आहेत, पण तुमच्या भल्यासाठी, असे उत्तर दिले. हलक्या कानाचा माणूस आणि भल्याचा कान असलेला माणूस, दोघेही ऐकतात. एकाकडे निंदक जातो, दुसऱ्याकडे पीडित. आपल्याकडे कोण येते, यावरून आपला कान कोणता आहे ते प्रत्येकाला घरबसल्या कळू शकते.

आणि जे शरीराने बहिरे आहेत त्यांच्याविषयी एक शब्द. कुरआनात बहिरेपणाचा धिक्कार आहे तो ऐकू येत असूनही कान न देणाऱ्यांचा. आमच्या मशिदीत एक बंधू येतात, त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. इमामाची हालचाल पाहून ते नमाज अदा करतात. त्यांच्यासमोर 'बहिऱ्या काफिरां'वर प्रवचन देताना वक्त्यांनी जरा भान ठेवावे.

तिसऱ्या हिजरी शतकात बल्ख शहरात हातिम नावाचे एक सूफी बुजुर्ग होते. एकदा एक स्त्री त्यांच्याकडे मसला विचारायला आली. बोलता बोलता तिच्याकडून अनवधानाने वायू सरला आणि ती लाजेने अर्धमेली झाली. हातिम (रह.) यांनी कानाला हात लावून तिला सांगितले, जरा मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही. तिचा जीव भांड्यात पडला. तिने मोठ्या आवाजात आपला मसला सांगितला आणि निघून गेली. त्या दिवसापासून लोक त्यांना बहिरे समजू लागले. हिजरी सन २३७मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव ग्रंथांत आजही 'हातिम अल-असम्म' असेच लिहिले जाते, म्हणजे बहिरे हातिम.